नव्या प्रोग्रामचे साहेब

बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात शहाण्णव साली कमलाकांत साहेब व्यवस्थापक म्हणून आले आणि आल्या आल्या त्यांनी मुंबईहून आठ फ्लॉप्या आणल्या. रंगाच्या नमुन्यांची नोंद ठेवणारा नवा प्रोग्राम! देव्हाऱ्यात मूर्ती मांडावी तशा त्यांनी त्या लॅबमधल्या पुष्पलताच्या टेबलावर मांडल्या.

पुष्पलता शिरगावच्या मच्छीमार घरातली. लॅबचा कॉम्प्युटर पाच वर्षं तीच चालवत होती. तिने प्रोग्राम टाकायला घेतला, तर पडद्यावर संदेश आला की याला विंडोज पंच्याण्णव हवं. मशीनवर जुनं विंडोज होतं आणि नवं पेलण्याइतकी मेमरी त्यात नव्हती. तिने तसं सांगितलं. साहेबांनी पडद्याकडे न बघताच सगळ्यांदेखत सुनावलं, "मासळी सुकवणं वेगळं आणि हे वेगळं."

पुष्पलताने फ्लॉपी काढून घेतली. ज्याला कॉम्प्युटर चालू करायलाही शिपाई लागतो, त्याच्याशी कसला वाद घालायचा?

जेवणाच्या सुट्टीत तिने फ्लॉपीवरची सूचनांची फाइल वाचली. साहेबांनी ती अर्थातच उघडलीही नव्हती. जुन्या विंडोजला एक पुरवणी जोडली तर हा प्रोग्राम त्यावरही चालेल, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. पालघरच्या कॉम्प्युटर क्लासमधून ती पुरवणी तिने उतरवून आणली, बाकीचं सगळं बंद ठेवून मेमरी मोकळी केली आणि तिसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडला. रडतखडत, पण उघडला.

शनिवारी मालक आले. जुन्या मशीनवर हे आपण कसं बसवलं, याचं साहेबांनी साग्रसंगीत वर्णन केलं आणि रुबाबात स्वतःच खुर्चीत बसले. आधी पत्रं लिहायचा प्रोग्राम उघडला, तो बंद न करताच त्यावर हा नवा. पडदा गोठला. साहेबांनी माउस आपटला, दिसतील ती बटणं दाबली, वर वीजमंडळाला दोष दिला.

हे काय झालं, असं मालकांनी पुष्पलताला विचारलं. एरवी ती ऑफिसात पुस्तकी बोलायची. त्या दिवशी मुद्दाम घरचं बोलली.

"मला काय ठाव? सायबांनी बसवलाय. त्यांनाच इचारा."

साहेब घाम पुसत राहिले. शेवटी शिपाई जानूच म्हणाला की हे सगळं बाईंनी केलंय. मालकांनी साहेबांना खुर्चीतून उठवलं. पुष्पलताने मशीन पुन्हा चालू केलं आणि प्रोग्राम दाखवला.

मालकांनी लॅबसाठी नवा कॉम्प्युटर मंजूर केला. तो आला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेला. तिथे साहेब एकच गोष्ट शिकले, पत्त्यांचा खेळ. नमुन्यांची माहिती हवी असली की त्यांना लॅबमध्येच यावं लागे. प्रोग्राम उघडायला चांगली चार मिनिटं घेई. तेवढा वेळ साहेब उभे राहत. शेजारचं स्टूल रिकामं असे, पण पुष्पलताने त्यांना कधी बसा म्हटलं नाही.