एका हातातले नऊ बिल्ले

या, जरा जवळ सरका. आमच्या तापीकाठची एक गोष्ट सांगतो. लांबण लावणार नाही, मीही दमलोय.

समुद्राच्या भरती-ओहोटीवर वीज करणारं एक यंत्र गेल्या उन्हाळ्यात आमच्या नदीत उतरलं. ऐकून नवल वाटेल. पण खाडीत भरती सरून ओहोटी लागेपर्यंत पाणी जेमतेम अर्धा तास थबकतं, आणि तेवढ्यातच यंत्र बसवून माणसं बाहेर काढायची असतात. त्याचीच तालीम इथं, वरच्या बंधाऱ्याची दारं मिटून. दारं उघडली की पाण्याची ओढ समुद्रासारखीच.

माणसांच्या जिवाची जबाबदारी धानोऱ्याच्या नवनीतकडे होती. सप्ताहात टाळ धरणारा सालस माणूस. त्याचा नियम एकच: यंत्र ज्यावरून बसवायचं त्या नदीतल्या तराफ्यावर जाताना ज्यानं त्यानं आपला पितळी बिल्ला फळीवर टांगायचा आणि काठावर आलं की आपल्याच हातानं काढायचा. फळी रिकामी झाली की नवनीत बंधाऱ्यावर फोन करणार, मग दारं उघडणार.

"बुवा, तुन्हं निरूपण आज कितला येळ?" काठावरचा सुपडू नावाडी रोज सकाळी बिल्ले टांगताना नवनीतला चिडवायचा.

"देव माणसं एकेक करीसन मोजस, आबा. मी बी तसाच मोजस."

"देवले फुरसत शे. तुले शे का?"

काम करायला तोरणमाळकडची टोळी, मुकादम दलसिंग धरून नऊजण. वीस वर्षं ही माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिथली रीत अशी, की हजेरीला मुकादम एकटा उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीनं 'हाजर' म्हणतो. त्याच्यामागं एकेकाला विचारणं म्हणजे त्याचा अपमान.

बारा दिवस यंत्र बसेना. कधी साखळी अडकायची, कधी नांगर सरकायचा. तेराव्या दिवशी दुपारी एकदाचं बसलं. माणसं काठावर येऊन जिथं जागा मिळाली तिथं आडवी झाली. दलसिंगनं फळीवरचे सगळे बिल्ले काढले आणि गमछ्यात घेऊन नवनीतपुढं धरले.

"आले सगळे, भाऊ. पुरे आता."

नवनीतच्या अंगात दोन दिवसांचा ताप. त्यानं दलसिंगचे सुजलेले हात पाहिले. या माणसांना उठवून पुन्हा नावं पुकारायची, हे त्याच्या जिवावर आलं. त्यानं बिल्ले मोजले. नऊ भरले. फोन लावला, "मोकळं शे. सोडा."

सुपडूची बायको कमलबाई चहा वाटत होती. "एक कप उरना, भाऊ. कोन्हा शे?"

नवनीत ताडकन उठला, आडव्या माणसांवरून नजर फिरवली; टोळीतला एकजण कमी होता. "दलसिंग, आमशा कोठे शे?"

"मागून येतो म्हणाला होता..."

तराफ्यावर, यंत्राच्या झाकणाच्या सावलीत दोन पाय दिसत होते. आमशा तिथंच झोपला होता.

वर बंधाऱ्यावर भोंगा वाजला. नवनीत फोनवर ओरडत राहिला, "बंद करा, माणूस शे तठे!" पण एक दार तोवर उघडलं होतं. कंपनीची बोट काठावर ओढून ठेवलेली. सुपडूनं आपल्या नावेचा दोर सोडला.

"आबा, जाकीट घाला!"

"तू बिल्ला मोज," सुपडू म्हणाला आणि वल्हं मारलं.

तराफ्याशी जाऊन त्यानं वल्ह्यानंच आमशाला ढोसलं. "ऊठ रे! सासरवाडी शे का ही?" आमशा धडपडत नावेत पडला आणि तेवढ्यात पाणी आलं. तराफा उचलला गेला आणि नावेवर आदळला. मधे सुपडूचा खांदा सापडला. नाव गरगरत खाली वाहिली आणि वाळूच्या बेटाला लागली. आमशाला खरचटलंही नव्हतं.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा कंपनीचे साहेब म्हणाले, मुकादमावर टाका, तो अडाणी आहे. नवनीतनं लिहिलं, 'नऊ बिल्ले मी एका हातातून घेतले. चूक माझी.' त्याची नोकरी गेली. यंत्र दिवाळीनंतर समुद्रावर गेलं, त्याच्याबरोबर दलसिंगची टोळीही गेली. आता दलसिंग म्हणे हजेरीला स्वतः बाजूला उभा राहतो आणि एकेकाला आपलं नाव सांगायला लावतो.

सुपडूचा उजवा हात वर जात नाही. नाव त्यानं विकली. जिथं यंत्र गेलं तिथं त्याला कुणी ओळखत नाही. तेव्हा माझं एवढं ऐका. सांजेला दिवा लावून देवापुढं बसाल, तेव्हा तापीकाठच्या सुपडू नावाड्याची आठवण काढा.