भरमूच्या निबंधात नसलेलं सूप

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. निपाणीच्या एका बुरुडाने मला विणलं, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. सुपाने धान्य पाखडावं. माझ्या वाट्याला आली तंबाखू. विड्या वळणाऱ्या मालुबाईने मला मांडीवर घेतलं ते कायमचंच. एका कडेला टेंभुर्णीची कापलेली पानं, दुसरीकडे तंबाखू आणि मध्ये तिची भराभर चालणारी बोटं. कारखान्यातला मुकादम म्हणायचा, "मालुबाईच्या सुपात एक बी इडी सैल न्हाय." मग मला चांगलाच ताठा चढायचा!

तिचा मुलगा भरमू हुशार होता. त्याला मात्र माझी लाज वाटे. शाळेतला कुणी दारात आला, की तो मला पायाने रांजणामागे सारायचा. माझा वास तरी कुठे लपणार? तिथे पडल्या पडल्या मलाच माझी लाज वाटायची.

भरमू मॅट्रिक झाला. बेळगावच्या एका कॉलेजात गरीब मुलांना वसतिगृहात फुकट जागा मिळे. त्यासाठी 'मी आणि माझे घर' हा निबंध स्वतः लिहून न्यावा लागे, आणि तो वाचून प्राचार्य मुलं निवडत. जागा मिळाली नाही, तर भरमूला तंबाखूच्या वखारीत पोती उचलावी लागणार होती. अर्जात 'गरीब' असं त्याने लिहिलं. निबंध मात्र तो वकिलांच्या मुलाकडे, उपेंद्रकडे बसून, त्यांच्या घराकडे बघत लिहून आला.

मुलाखतीला मालुबाईही निघाली. काम खोळंबून चालणार नव्हतं, म्हणून मीही मोटारीत चढलं. कॉलेजात पोचल्यावर भरमू हळूच म्हणाला, "आये, तू त्या टोकाला बस. आन् सूप झाक."

तिने माझ्यावर पदर ओढला आणि पदराआडून विड्या वळत राहिली.

प्राचार्य व्हरांड्यात आले, खुर्चीवर बसले आणि निबंध मोठ्याने वाचू लागले. "आमच्या घरी दोन गडी आहेत. वडील कचेरीत आहेत. आई रोज सकाळी पोथी वाचते..."

पदराखालची बोटं थांबली. मालुबाईचा नवरा कधीच वारला होता, आणि तिला अक्षरओळखही नव्हती.

"घरचं इतकं बरं आहे, मग गरिबाची जागा कशाला अडवतोस?" प्राचार्यांनी विचारलं. "आणि तुझ्याबरोबर आलेल्या या बाई कोण?"

भरमूने मान खाली घातली. तेव्हा मालुबाईच म्हणाली, "मी त्येंच्या घरी कामाला हाय, सायेब."

मित्रांनो, इतकी वर्षं मला माझ्या वासाची लाज वाटत होती. त्या दिवशी भरमूची वाटली. तिच्या हातातली अर्धवट विडी उलगडून माझ्यात पडली.

"खोटं हाय सर," भरमू रडतच म्हणाला. "ती माझी आई हाय. म्या लिवलंय ते समदं खोटं हाय."

प्राचार्य रागावले नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "बस इथेच. खरं लिही."

तिथे मेज नव्हतं. मालुबाईने तंबाखू पदरात भरून घेतली, मला पालथं केलं आणि लेकापुढे ठेवलं. माझ्या बांबूच्या कामट्यांवर त्याची अक्षरं वेडीवाकडी उमटली. 'माझी आई विड्या वळते,' एवढं लिहून भरमू अडला.

"आये, तू इड्या कवापास्नं वळतीस गं?"

"तू पोटात हुतास तवापास्नं. आजवर कुनी इचारलंच न्हाय बग."

भरमूला जागा मिळाली, तो पुढे शिकलाही. पण मित्रांनो, तुम्हाला कुणी स्वतःविषयी लिहायला सांगितलं, तर लेखणी उचलण्याआधी घरातल्या माणसांजवळ जाऊन बसा आणि त्यांना विचारा. वेळ लावू नका. हा एवढासा प्रश्न आईला पहिल्यांदा विचारला, तेव्हा भरमू अठरा वर्षांचा होता.