वायरवाले चौघे आणि आम्ही चौघे

मित्रांनो, मी एका तांबड्या, दोन सीटच्या, बुटक्या स्पोर्ट्स गाडीचा जुना शॉकअप आहे. पुढच्या उजव्या चाकाचा. नाव ऐकून नाक मुरडू नका! चाकं सगळ्यांना दिसतात, इंजिनाचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, आणि गाडीला रस्त्याला धरून ठेवणारा मी मात्र चाकाआड चिखल खात उभा असतो. पण आज मी बोलणार आहे, आणि जरा ठणकावूनच बोलणार आहे, कारण माझा स्वभावच कडक आहे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. एक पोलादी नळी, तिच्यात वरखाली होणारा चकचकीत दांडा आणि आत तेल. दांड्याच्या टोकाला कागदासारख्या पातळ चकत्या. गाडीला धक्का बसला की तेलाला त्या चकत्यांच्या फटींतून वाट काढावी लागते, आणि त्या खटाटोपात धक्क्याचा जोर जिरून जातो. माझ्याभोवती स्प्रिंग असते. ही बया भारी नाचरी. खड्डा कधीच मागे पडलेला असतो, तरी हिचं नाचणं चालूच. तिला 'बस कर आता' म्हणायचं काम माझं. माझ्या कारागिराने मला यंत्रावर दाबून पाहिलं, मान डोलावली आणि झाकण पिळून घट्ट केलं. माझा कडकपणा तिथेच ठरला. मला ना बटण, ना वायर. असे आम्ही चौघे भाऊ एका खोक्यात बसून उस्तादांच्या गॅरेजात आलो.

उस्ताद म्हणजे गॅरेजचे मालक आणि मेकॅनिक. डाव्या कानाने ऐकू कमी येई, पण गाडीच्या मडगार्डवर तळहात ठेवून एकदा दाबलं की तिची सगळी दुखणी त्यांना कळत. खोकं उघडलं आणि मी पाहिलं तर काय! शेजारच्या टेबलावर आणखी चार शॉकअप. नवे कोरे, रुबाबदार, आणि प्रत्येकाच्या डोक्यातून वायर निघालेली. गाडीतला छोटा संगणक चाक किती हललं, गाडी किती झुकली हे क्षणोक्षणी बघणार आणि यांना हुकूम सोडणार, मऊ हो, कडक हो! एक बटण दाबलं की गादी, दुसरं दाबलं की दगड. खरं सांगतो, त्यांना पाहून माझा जळफळाट झाला.

गाडी होती केकवाल्या ताईंची. आठवडाभर त्या आणि त्यांची आई मिळून केक बनवायच्या. ताई गाडी चालवायच्या, आई शेजारच्या सीटवर केकचं खोकं मांडीवर धरून बसायची, आणि लग्नाचे तीन मजली केक या शर्यतीच्या गाडीतून घरोघरी जायचे. रविवारी मात्र ताई एकट्याच शर्यतीच्या मैदानावर. वय एकोणचाळीस. मैदानाच्या संघात एक जागा रिकामी झाली होती आणि वयाची अट होती चाळीस. दोन आठवड्यांनी चाचणी. तीन फेऱ्या मिळणार, त्यातली एक तरी एक मिनिट बेचाळीस सेकंदांच्या आत मारायची. ही संधी हुकली की कायमची हुकली. गाडीचे जुने शॉकअप पार बसले होते, म्हणून हा निवडीचा घोळ.

"कडक बसवा ताई," उस्ताद म्हणाले. "हा आज जसा वागेल तसाच उद्या वागेल. तुम्हाला याची सवय होईल."

"आणि माझ्या कमरेचं काय?" आई म्हणाली. "केकचं काय? वायरवाले दोन्ही करतात म्हणे. मग अडलंय कुठे?"

"मला दोन्ही आवडलेत हो," ताई म्हणाल्या. "तुम्हीच काहीतरी सांगा."

उस्तादांनी तोडगा काढला. आधी सहा दिवस वायरवाले, मग सहा दिवस आम्ही. मैदानावर घड्याळ बघायचं. आणि बाजारातल्या उखडलेल्या रस्त्यावरून एक तीन मजली केक गॅरेजपर्यंत आणायचा. उस्ताद चष्मा लावून, आगकाडीचं टोक फिरवत त्याच्या साखरेच्या थरावरच्या भेगा मोजणार. केक पाहून शॉकअप पारखणारा मेकॅनिक दुसरीकडे कुठे सापडायचा नाही!

पहिला आठवडा वायरवाल्यांचा. आम्ही फळीवर धूळ खात बसलो. केक आला. उस्तादांनी तो चहूबाजूंनी न्याहाळला. एकही भेग नाही! मैदानावरची वेळ एक बेचाळीस पूर्णांक सहा. वायरवाले अस्से फुगले होते, की विचारू नका. नापास झालेला केक असो की पास झालेला, तो उस्तादांच्या घरी जायचा असं ठरलंच होतं.

मग आमची पाळी. अंगात नुसती वीज संचारली होती! पण पहिल्याच दिवशी बाजाराच्या तोंडाशी खड्डा आला, मी माझ्या स्वभावाप्रमाणे ताठ राहिलो, आणि केकचा वरचा मजला घसरून आईच्या हातावर आला. अकरा भेगा. मैदानावर एक बेचाळीस पूर्णांक नऊ. म्हणजे दोन्हीकडे आपटी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी ठरल्याप्रमाणे सहा दिवस काढायचे होते. रोज केक पोचवायचे होतेच. आणि हळूहळू एक गंमत व्हायला लागली. मी काही बदललो नव्हतो, मला बदलताच येत नाही. पण ताई खड्ड्याच्या बऱ्याच आधी पाय उचलायला लागल्या. ब्रेकवरचा पाय लोण्यावर ठेवावा तसा पडायला लागला. वळणावर स्टिअरिंग एकदाच फिरायचं आणि तिथेच थांबायचं. रस्त्यावरची बारीकशी खडी आली तरी मी ती ताईंच्या हातापर्यंत पोचवायचो आणि त्या लगेच उत्तर द्यायच्या. आमचं गूळपीठ जमलं होतं! मी मनातल्या मनात शिट्ट्या मारत होतो.

शेजारी आई गप्प बसून होती. एरवी तिचं तोंड क्षणभर मिटत नसे. शनिवारी गॅरेजात आल्यावर ती गाडीतून उतरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "उस्ताद, मी लबाडी केलीय."

"काय?" उस्तादांनी चांगला कान पुढे केला.

"वायरवाल्यांच्या केकमध्ये मी आधाराच्या लाकडी काड्या घातल्या होत्या. आरपार. हिला न सांगता."

"तरीच!" उस्ताद ओरडले. "माझ्या सुनेची सुरी अडकली हो त्यात! ती म्हणाली, बाबा, हा केक आहे की खुर्ची?"

ताई हसल्या नाहीत. "का गं आई?"

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "वायरवाल्यांवर दोन्ही जमतंय असं दिसलं, की तू दोन्ही करत राहशील असं वाटलं. अर्धं मैदान, अर्धं दुकान. पुरती संघाची झालीस तर तू महिनोन्महिने बाहेर. मी एकटी काय करू त्या भट्टीपुढे? भीती वाटली मला, दुसरं काय!"

"मग वायरवालेच घेऊ या," ताई हळूच म्हणाल्या. "काड्या नसत्या तरी दोन-तीनच भेगा गेल्या असत्या. चांगलेच आहेत ते."

"चांगले आहेत, मी कुठे नाही म्हणते? कंबर सुखात होती माझी. पण त्यात बसलं की मला काही कळतच नव्हतं. गादीवर बसल्यासारखं. या मेल्यात बसले आणि सगळं पाठीला कळायला लागलं. तू कुठे बिचकतेस, कुठे खूश होतेस. इतकी वर्षं मी केक धरून बसलेय गं तुझ्या शेजारी, पण तू एवढी छान चालवतेस हे मला या आठवड्यात कळलं." आईने माझ्या चाकाकडे बोट केलं. "हाच बसव. आणि जा."

ताईंनी आईला तिथेच, तेलकट फरशीवर उभ्या उभ्या मिठी मारली. उस्ताद उगाचच पाने पुसत बसले. आणि मी? मला 'मेला' म्हटलं होतं, पण तेवढं कौतुक माझं जन्मात कुणी केलं नव्हतं!

चाचणीचा दिवस उजाडला. पहिली फेरी एक त्रेचाळीस. टायर गार होते. दुसरी एक बेचाळीस पूर्णांक दोन. हातातोंडाशी आलेला घास! आता एकच फेरी उरली. सुसाट निघालो. पहिलं वळण, गाडीचा सगळा भार माझ्या बोकांडी, मी दात-ओठ खाऊन तो पेलला. दुसऱ्या वळणावर कडेचा उंचवटा, धाडकन वर, आणि मी एका दमात चाक पुन्हा जमिनीला लावलं. ताईंना ते आधीच ठाऊक होतं, कारण मी दर वेळी तेच करतो. शेवटच्या वळणाआधी त्यांचा पाय ब्रेकवर आला, बाजाराच्या तोंडाशी यायचा तसा, अलगद. तिथे बाकीचे ड्रायव्हर ब्रेक दाबून गाडी डगमगवत होते. आम्ही जणू काही तीन मजली केक घेऊनच वळलो, आणि सरळ रस्त्यावर बाणासारखे सुटलो! एक एकेचाळीस पूर्णांक आठ! जाळीपलीकडे आई ओरडत होती, उस्ताद बऱ्या कानावर हात ठेवून नाचत होते. माझ्या आतलं तेल उकळल्यासारखं तापलं होतं आणि मला कशाचं म्हणून भान नव्हतं.

ताई संघात गेल्या. तिथे त्यांना संघाची गाडी मिळाली. तिच्यात वायरवाले होते, आणि त्यांच्याशीही ताईंचं छान जमलं. मला राग नाही. ज्याचं त्याचं काम असतं. तांबडी गाडी आईकडे आली. हो, साठी ओलांडलेली आई गाडी चालवायला शिकली! शेजारच्या सीटवर केकच्या खोक्याला पट्टा बांधून ती असा काही झोकात बाजारातून जायची, की लोक वळून बघत. केकमध्ये काड्या असायच्याच.

पण मित्रांनो, माझं वय व्हायला लागलं. आतलं रबर झिजलं. तेल थेंब थेंब गळायला लागलं. स्प्रिंग नाचू लागली आणि तिला आवरायचं बळ माझ्यात उरलं नाही. आई काही बोलली नाही. मीही बोलू शकत नव्हतो.

दोन वर्षांनी ताई सुट्टीवर आल्या. म्हणाल्या, "चल आई, आज मी चालवते." शंभर पावलंही गेलो नसू, त्यांनी गाडी कडेला घेतली.

"पुढचा उजवा गेलाय. किती दिवस झाले?"

"झालं असेल एखादं वर्ष."

"इतके धक्के खात बसलीस? फोनवर सांगायचंस ना!"

"तू कामात होतीस गं."

ताईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले. आईकडे पाहिलं. ती एका कुशीवर तिरकी बसली होती, कंबर सांभाळत. बहुतेक पुष्कळ दिवसांपासून ती तशीच बसत असावी.

मित्रांनो, एवढंच सांगायचं आहे. दिवसरात्र धक्के खाणारे कुरकुर करत नाहीत. ते गळायला लागले तरी गाडी चालतच राहते, म्हणून कुणी वाकून बघत नाही. तुम्ही बघा. कधीतरी सहज, काही बिघडलेलं नसताना बघा.

त्या दिवशी ताईंनी गाडी वळवली. उस्तादांचं गॅरेज वाटेतच लागत होतं, पण त्या तिथे थांबल्या नाहीत. आधी आईला कमरेच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि मग मला उस्तादांकडे. मी तसाच डुगडुगत, तेल गाळत दोन्हीकडे गेलो, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.