तिसऱ्या कुलपाची किल्ली

वाडीत घराला कुलूप लावायची चाल नव्हती. माणसं शेतावर गेली की दाराला नुसती कडी. कुत्रं आत शिरू नये एवढाच तिचा उपयोग. गावदेवी जानाईच्या दागिन्यांच्या पेटीला मात्र कुलपं तीन. विंझरपासून तासाभराच्या चालीवरची वाडी, उंबरे जेमतेम चाळीस, आणि त्यातल्या तीन मानकरी घरांचा एकमेकांवर विश्वास एवढा दांडगा की एकेका घराकडं एकेक किल्ली. वर्षातून एकदा, चैत्रातल्या जत्रेला, तिघांनी शेजारी बसून पेटी उघडायची. तीही हात कापडाखाली झाकून, कारण आपल्या किल्लीचे दात दुसऱ्या घराला दिसता कामा नयेत. न जाणो, बघून कुणी तसलीच करून घेतली तर! एवढ्या तेज नजरेचा माणूस वाडीत कोण होता, ते जानाईलाच ठाऊक.

एक किल्ली म्हाताऱ्या बाजीरावाकडं, दुसरी नानाकडं आणि तिसरी साळूबाईकडं होती. नवरा ज्ञानू अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं पंचांसमोर ती तिच्या पदराला बांधली, म्हणून तो गेल्यावर मान तिच्याकडं राहिला. धाकट्या दिराला, चिमाजीला, ते फार सलत होतं. "एकदा जरी खोट झाली, तर मान माझ्याकडं," असं त्यानं पंचांकडून कबूल करून घेतलं होतं. तिसऱ्या किल्लीवाल्यानं देवीला नथ घालायची, असा तो मान. नवरा गेल्यापासून बायका साळूबाईला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या. समोर आली तर ओटी झाकून घेत. वर्षातून एकदा तिच्या हातून नथ घालून घेणारी जानाई तेवढी तिची उरली होती.

आणि सत्तर सालच्या आषाढात, भाताच्या लावणीत, ती किल्ली चिखलात गेली. पदराची गाठ सुटल्याचं साळूबाईला घरी आल्यावर कळलं. चार खाचरं पालथी घातली. कापणी झाल्यावर ढेकळं फोडफोडून पाहिली. किल्ली काही मिळाली नाही. नवी करावी तर कुलूप हातात हवं, कुलूप काढावं तर किल्ली हवी, आणि कारागिराला देवळात आणावं तर वाडीभर बोभाटा.

दिवाळी झाली तशी ती एस.टी.नं नसरापूर आणि तिथून भोर अशी बाजाराला गेली. छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करणारा गेनबा बाजाराच्या कडेला गोणपाट टाकून बसायचा. पेटीची ती कुलपं त्याच्याच बापानं वाडीला दिली होती. साळूबाईनं काही आडपडदा न ठेवता त्याला सगळं सांगितलं.

"मला किल्लीबिगर उघडाय शिकवा."

गेनबानं चष्मा कपाळावर सरकवला. "आक्का, ह्ये चोराचं काम हाय."

"चोर दुसऱ्याचं उघडतो. म्या माझंच उघडणार."

यावर गेनबा हसला. त्यानं एक जुनं कुलूप खोलून तिच्यापुढं ठेवलं. आत पत्र्याच्या चार पट्ट्या होत्या. किल्लीचा एकेक दात एकेक पट्टी उचलतो. कमी उचलली तरी अडतं, जास्त उचलली तरी अडतं. किल्ली नसेल तर एका तारेनं खिट्टीवर दाब ठेवायचा आणि दुसरीनं पट्ट्या एकेक करून उचलायच्या. छत्रीच्या काड्या कानशीनं घासून त्यानं तिला दोन तारा करून दिल्या.

साळूबाईनं पहिल्या दिवशी जात्यावर बसल्यागत जोर लावला आणि दोन्ही तारा वाकवल्या. पुढच्या बाजारी आणखी दोन. गेनबा कावला. "अवो, दाबताय काय अशा? लेकराच्या कानातला मळ काढताय असं समजा!"

हे मात्र तिला कळलं. आता सासरी गेलेल्या तीन लेकींचे कान तिनंच कोरले होते. दुपारी जनावरं रानात गेली की ती पडवीत बसायची, कुलूप मांडीवर. मार्गशीर्षातल्या एका दुपारी चौथी पट्टी बोटाला हलकेच टिचकी देऊन बसली आणि कडी सटकन वर आली. साळूबाई मोठ्यानं हसली. एकटीच. मग ते कुलूप तिनं पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. चुलीवरचा भात करपला तरी हिचं चालूच. खरं सांगायचं तर किल्लीचं निमित्त त्या दिवशीच मागं पडलं. बाईला नाद लागला. दर बाजाराला गेनबाकडून मोडकी कुलपं आणायची, पदराखाली उघडायची, परत न्यायची. फाल्गुन लागेपर्यंत तिला कुलपाकडं बघावंही लागेना.

चैत्रात जत्रा भरली. देवळात पेटी मांडली, दारात पालखी सजून तयार. बाजीरावानं उपरण्याखाली आपलं कुलूप उघडलं. मग साळूबाई बसली. पदर हातांवर ओढला. घाम कानामागून ओघळत होता, पण चार पट्ट्या चार दमात बसल्या आणि कुलूप उघडलं. चिमाजीचं तोंड पाहण्यासारखं झालं. साळूबाईचा जीव भांड्यात पडला.

शेवटी नाना बसला. त्यानं किल्ली फिरवली आणि काहीतरी खळकन फरशीवर पडलं. किल्लीचा दात. तीस वर्षांची झिजलेली किल्ली, तुटायला तिला हाच मुहूर्त सापडला.

चिमाजीनं लगेच पहार आणली. गुरव आडवा झाला. "पेटीवर घाव बसला तर यंदा डाग-दागिनं अंगावर चढायचं न्हाईत. आई मोकळ्या गळ्यानं पालखीत बसंल. चालंल का?"

चिमाजीनं तरी पहार उचललीच. साळूबाईचं कुलूप उघडलं होतं. ती गप्प राहिली असती तर तिचा मान तिच्याकडंच होता. तिनं जानाईकडं पाहिलं. मोकळा गळा काय असतो, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"थांबा, भावजी," ती म्हणाली.

नानाचं कुलूप तिच्या ओळखीचं नव्हतं. झाकून जमणार नव्हतं. तिनं पदर बाजूला केला, दोन तारा काढल्या आणि साऱ्या वाडीदेखत कुलूप हातात घेतलं. पानतंबाखू होईतोवर कडी वर आली.

चिमाजीनं पहार भिंतीला टेकवली.

"वैनी," चिमाजी म्हणाला, "मंग तुमची किल्ली दावा की."

"न्हाई. लावणीत गेली," साळूबाई म्हणाली. "माझंबी ह्येनंच उघडलं."

बाजीरावानं पेटीतले दागिने एकेक करून पाहिले. सगळे जागच्या जागी होते. तरी तो म्हणाला, "मान किल्लीचा हाय, साळू. किल्ली न्हाई, तर मान न्हाई."

त्या वर्षी नथ चिमाजीनं घातली. तिरकी घातली. साळूबाईला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. पालखी निघाली तेव्हा ती सगळ्यांच्या मागं अनवाणी चालली.

जत्रा उलगडल्यावर पंच देवळात बसले. भोरहून तीन नवी कुलपं आणली होती, जाडजूड, सहा पट्ट्यांची. बाजीरावानं साळूबाईला मुद्दाम बोलावून घेतलं आणि एक कुलूप तिच्या हातात दिलं.

"खरं सांग. ह्ये उघडंल का तुला?"

तिनं किल्लीच्या भोकाशी डोळा नेला, कुलूप कानाशी हलवून पाहिलं. खोटं बोलायचं तिच्या मनात आलंच नाही.

"उघडंल. दोन दिस लागत्याल."

"मंग पेटीला कुलूप लावून उपेग काय?" बाजीराव चिडला.

"माझ्यासाठी नगा लावू, मामा. म्या कशालाबी हात लावला न्हाई, ते तुमी डोळ्यांनी बघितलंय," साळूबाईनं कुलूप त्याच्यापुढं ठेवलं. "तुमी एकमेकांसाठी लावताय, तर लावा."

एकमेकांकडं न बघता बाजीरावानं एक कुलूप उचललं, नानानं दुसरं, चिमाजीनं तिसरं. मग नाना खाकरला, पेटी पुढं ओढली गेली आणि कुलपं लागली. तिन्हीच्या तिन्ही.