पेट्रोल उडून जातं

बा गेल्यावर शामने वर्कशॉप पुन्हा सुरू केलं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. दुपारी त्याचा डबा घेऊन गेले तर शटर पूर्ण खाली होतं, आणि फटीतून पेट्रोलचा वास रस्त्यावर येत होता. मी शटर वाजवलं. आतून माझ्या धाकट्या भावाने, बा द्यायचा तसाच, एका शब्दात आवाज दिला, "थांब."

नेरला आमचं वर्कशॉप कापसाच्या जिनिंग कारखान्याला लागून आहे. हंगामात तिकडून रुईचे तंतू उडत येतात आणि ओल्या वस्तूला चिकटतात. बा ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करायचा. पंपाच्या आतली पोलादी दांडी तिच्या नळीत इतकी नेमकी बसते, की एका तंतूने ती अडते. म्हणून बा शटर पाडून, पेट्रोलच्या परातीत उघडे हात घालून सगळे भाग धुवायचा आणि याडीने, म्हणजे आईने, दिलेल्या धुवट सुती फडक्यावर वाळत मांडायचा. परातीतलं काळं पेट्रोल मागच्या बाभळीखाली ओतायचा. तिथे गवतही उगवत नाही.

बा आजारी पडला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला कामाबद्दल बारकाईने विचारलं होतं. नंतर मला बाजूला घेऊन ते म्हणाले, हाडांच्या आत रक्त तयार होणं थांबलं आहे. एका माणसाच्या बाबतीत कारण ठामपणे सांगता येत नाही, पण इतकी वर्षं बंद खोलीत पेट्रोलची वाफ, हे कारण असू शकतं. मी ते याडीला सांगितलं नाही. शामला सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टरले काही तरी सांगावंच लागते.

मग एका सकाळी शामने मोरीत चूळ थुंकली आणि घाईने वर पाणी ओतलं. पाणी गुलाबी वाहिलं. बाचं असंच सुरू झालं होतं, मग काही न लागता अंगावर निळे डाग आले होते. मी रक्त तपासून घे म्हणाले. तो हसला.

"सुई टोचली का माणूस बिमार होते, ताई. बा बी चालत गेलता दवाखान्यात."

बाभुळगावच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. तिथून रजा वाढवून घेतली. जे जे सापडलं ते वाचलं, आणि वाचलेलं घरच्या अंगणात करून पाहू लागले. पहिल्यांदा रिठे उकळले, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि शामने दिलेले मोडीतल्या पंपाचे भाग ब्रशने घासले. लखलखीत निघाले. मी ते बाच्या पद्धतीने सुती फडक्यावर मांडले. सकाळी प्रत्येक भागाला जिथे फडकं लागलं होतं तिथे तांबूस गंज होता.

शामने दांडी नखाने खरवडली. "पेट्रोल उडून जाते, ताई. पाणी बसून राह्यते. बा काही येडा नव्हता."

तो रागावला नव्हता, हेच मला सोसवेना. त्याचं म्हणणं खरं होतं. पेट्रोल उडून जातं. पण बंद शटरच्या आत उडून ते जाणार कुठे, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर तो निघून गेला होता.

पुढच्या वेळी मी फडकं काढूनच टाकलं. घट्ट झाकणाच्या डब्यात सरकीचं तेल कोमट करून भाग त्यात भिजत ठेवले. जुना चिकटा सुटला. मग रिठ्या-सोड्याचं कढत पाणी, मग नुसतं उकळतं पाणी, आणि बाहेर काढल्याबरोबर गरम तव्यावर ठेवले, पाणी बसायच्या आत. लगेच स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून झाकण लावलं. झाकण असल्यावर तंतूंची भीती नव्हती. हे सगळं व्हायला सकाळची दुपार झाली.

त्या दिवशी खरा पंप मारोतरावांचा होता. त्यांचा ट्रॅक्टर शेतात उभा होता आणि ते आमच्या अंगणात.

"काय बाई, पंप धुऊन राह्यल्या का भजे तळून राह्यल्या?" त्यांनी वास घेत विचारलं. "कांदा चिरू का?"

याडी पहिल्यांदा हसली, बा गेल्यापासून.

शामने दांडी नळीत घातली आणि नळी तिरपी धरली. बाची परीक्षा हीच होती: दांडी आपल्याच वजनाने, न अडखळता, सावकाश उतरली पाहिजे. ती उतरली. शामने फिरवून पुन्हा धरली. पुन्हा उतरली. मग त्याने पंप जोडून दिला. मारोतराव पंप घेऊन गेले, आणि मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी फुलसावंगीहून दोन पंप आले. माणूस संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होता. मी तेल तापवायला घेतलं तर शाम घरी आलाच नाही. मी आणि याडी वर्कशॉपवर गेलो. शटर खाली होतं.

मी वाजवत राहिले. शेवटी त्याने गुडघ्याइतकं उघडलं. डोळे लाल होते. म्हणाला, आजच्या दिवस. गिऱ्हाईक थांबत नाही. तुह्या तव्यावर धंदा चालत नाही. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. डॉक्टरांचं वाक्य मात्र बोलून गेले, याडीसमोर.

याडीने माझ्याकडे पाहिलं. मग ती वाकून शटरखालून आत गेली आणि बाच्या स्टुलावर, परातीजवळ बसली.

"पाड शटर," ती शामला म्हणाली. "धू तुह्ये पंप."

"याडी, बाहेर हो. वास चढते तुले."

"तुह्या बापाले फडकं धुऊन देत होती मी. आत कधी बसली नाही. मले कोणी सांगतलं नव्हतं." तिने पदर तोंडाला लावला नाही. "आता मालूम झालं. पाड."

शाम उभा राहिला. याडीला खोकला आला, तरी ती हलली नाही. मग त्याने दोन्ही हातांनी शटर वरपर्यंत ढकललं. उजेड आला, आणि त्याच्यामागे तंतू तरंगत आले आणि परातीवर बसू लागले. त्या भागांचं काम त्या दिवशी होणार नव्हतं. त्याने बाहेर येऊन गिऱ्हाइकाला उद्याची वेळ दिली. तो माणूस बरंच बोलला. शामने ऐकून घेतलं.

परातीतलं काळं पेट्रोल डब्यात भरून झाकण लावलं. ते कुठे टाकायचं हे आम्हाला माहीत नव्हतं. बाभळीखाली नाही, एवढंच ठरलं. कॅनमधलं कोरं पेट्रोल शामने मोटारसायकलच्या टाकीत ओतलं आणि हात साबणाने धुतले. हातांचा वास गेला नाही.

"बस मागं," तो म्हणाला. "यवतमाळले लॅब कवा बंद होते?"

मला माहीत होतं. मी वेळ सांगितली. याडी उघड्या शटरखाली स्टूल घेऊन बसली. आम्ही निघालो तेव्हा शामने बाही वर सरकवली होती, आणि वाऱ्यात त्याच्या दंडावर मला एक निळा डाग दिसला. मी त्यावर हात ठेवला. त्याने गाडी हळू केली नाही.