मधला ताव

केस पिकले तरी भावाच्या लेखी ती चिमीच होती. प्रयोगशाळेत तिच्या सहीशिवाय जुन्या कागदाचा दाखला निघत नसे, दादा मात्र दारातूनच विचारायचा, "चिमे, हात धुतलेस का?" हात धुतल्याशिवाय त्याच्या कॉमिक्सला कुणी बोट लावायचं नाही, अशी घरात सक्तीच होती.

आज वहिनीला सोबत घेऊन त्याने आणला होता तो त्याचा जीव की प्राण असलेला अंक. एका चित्रमालिकेचा पहिला, पहिल्या आवृत्तीचा, शाळेत असताना घेतलेला. तो प्रदर्शनात मांडायचा होता आणि आयोजकांची अट अशी, की सगळे ताव मूळ छपाईचेच हवेत. निवृत्तीपासून दादा या प्रदर्शनाकडे डोळे लावून बसला होता. दाखला म्हणजे नुसता उपचार, असं त्याचं म्हणणं. घडी झिजेल या धास्तीने त्याने स्वतः मात्र तो अंक कित्येक वर्षांत उघडला नव्हता.

चिमीने हलक्या हाताने पानं उलटली. मुखपृष्ठ गुळगुळीत, चकाकत्या कागदाचं. आत न्यूजप्रिंट, खरबरीत, भिंगाखाली लाकडाचे बारीक तंतू दाखवणारा. हा कागद कडेकडून तपकिरी होत आत जातो, मधला भाग उशिरा पिकतो. सगळी पानं तशीच होती. फक्त मधला ताव सगळीकडे सारखाच पिवळट होता.

तिने पडदे ओढून अतिनील दिवा लावला. बाकीची पानं मंदच राहिली. मधला ताव ठिकठिकाणी निळसर उजळला. शुभ्रपणासाठी कागदात घालतात ते द्रव्य त्यात होतं. म्हणजे ताव नंतरच्या आवृत्तीतला, पांढऱ्या कागदावरचा, आणि कुणीतरी रंग देऊन बसवलेला.

तिने हे सांगितलं तेव्हा दादा भिंग घेऊन त्या तावावर वाकला. कपाटाला कुलूप असतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"रंग नाही, चहाचं पाणी आहे ते," वहिनी म्हणाली. "मीच बुडवला."

मग तिने सगळं सांगितलं. तेव्हा चिमी कॉलेजात होती. जुन्या कागदात लाकडाचा अंश किती टिकतो, ते तिला प्रयोगात दाखवायचं होतं, आणि नेमक्या सालाचा जुना कागद कुठे मिळेना. रद्दी कालपरवाची. पोरीचं तोंड एवढंसं झालेलं वहिनीला बघवलं नाही. दादा गावाला गेला होता आणि किल्ली तिच्याकडे होती. तिने मधल्या तावाचे कोरे समास कापून पट्ट्या चिमीला दिल्या, आणि दादाला कळू नये म्हणून नव्या आवृत्तीच्या अंकातला ताव चहात बुडवून पिनांत बसवला.

चिमीला त्या पट्ट्या लख्ख आठवल्या. रसायनाचा थेंब पडताच लाकडाच्या अंशामुळे त्या लालभडक झाल्या होत्या. तो प्रयोग पाहूनच सरांनी तिला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं, आणि तिथून ती कागदाचीच झाली. पट्ट्या कुठून आल्या हे तिने कधी विचारलंही नव्हतं.

"मला सांगायचं नाहीस?" दादाने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला माहेरी पोचवलं असतं, त्या कपाटासकट."

"कपाट कशाला दिलं असतं," दादा म्हणाला. पण त्याचा आवाज निवळला होता.

वहिनीने चित्रांना कात्री लावली नव्हती. मूळ ताव तिने कपड्यांच्या कप्प्यात, तळाशी जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तिने तो आणून दिला. चिमीने कापलेल्या समासांच्या जागी पातळ कागदाची भर घातली आणि ताव पिनांत परत बसवला. दाखल्यात तिने दुरुस्ती लपवली नाही. आयोजकांनी चर्चा करून अंक घेतला. ताव मूळचेच होते.

प्रदर्शनात दादा काचेच्या पेटीजवळून हलायला तयार नव्हता. उघडलेल्या मधल्या पानावर वाकून एका संग्राहकाने विचारलं, एवढा जपलेला अंक, मग समास कुठे गेले?

"हिच्या शिक्षणात," दादा चिमीकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि ते द्यायची अक्कल आमच्या हिला. मी असतो तर दिले नसते."

संग्राहक गेल्यावर चिमी वहिनीजवळ गेली. आभाराचं वाक्य तिने घरून जुळवून आणलं होतं, ते बाजूला राहिलं. तिने वहिनीचा हात धरला आणि तो तसाच धरून दोघी गर्दी बघत उभ्या राहिल्या.