उरलेला स्क्रू

बेबी बावन्न वर्षांची होती आणि तिला बेबी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तिचा दादा. बाकी सगळे तिला मशीनवाल्या बाई म्हणत. वडिलांच्या मागं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान तिनं सत्तावीस वर्षं एकटीनं चालवलं होतं. दादानं त्या दुकानात कधी पाना हातात धरला नाही. तो कचेरीत चिकटला, वेळेवर निवृत्त झाला, आणि निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी त्यानं कॅमेरा घेतला.

आधी तो घरीच फोटो काढायचा. पण वहिनी भांडी घासताना फेसाचे फोटो काढायला लागला, तेव्हा वहिनीनं शहाणपणा करून त्याची पाठवणी बहिणीच्या दुकानात केली. त्यातच फोटोग्राफीच्या रविवारच्या वर्गात सरांनी विषय दिला, ‘दुरुस्ती’. मग काय, दादा रोज नऊच्या ठोक्याला हजर.

“बेबी, हात तसाच ठेव.”

“दादा, हातात स्प्रिंग आहे. सुटली तर तुझ्या डोळ्यात जाईल.”

“दोनच सेकंद. बोटावर उजेड काय सुंदर पडलाय!”

तो नेमका खिडकीतल्या उजेडाच्या आड उभा राहायचा, म्हणजे तिच्या कामावर सावली. तेलाच्या बुधलीचे त्यानं अकरा फोटो काढले होते. एकदा तिनं पुसलेली धूळ त्याला परत हवी होती.

त्या शुक्रवारी टेलरबाईंचं मशीन उघडलेलं होतं. टेलरबाई म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारी, चार ओळींचं बोलणं दोन शब्दांत उरकणारी बाई. दुसऱ्या दिवशी शाळेचं नाटक होतं, तीस पोरांचे कपडे शिवून व्हायचे होते आणि मशीन दर चौथ्या टाक्याला दगा देत होतं. “पाचला येते,” एवढंच बोलून ती मशीन टेबलावर ठेवून गेली होती.

बेबीची पद्धत वडिलांचीच होती. जुनी चादर अंथरायची, आणि जो भाग निघेल तो त्याच्या स्क्रूसकट डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडायचा. जोडताना उजवीकडून उलटं यायचं. स्क्रू किती, हे तिनं कधी मोजलं नव्हतं. ओळ असली की मोजायचं कशाला?

साडेअकराला ती मागच्या मोरीत भाग धुवायला गेली. दहा मिनिटांत परत आली, तर दादा स्टुलावर उभा राहून चादरीकडे कॅमेरा रोखून होता. चादरीवरचे सगळे स्क्रू गोल गोल फिरत गेले होते. बाहेर मोठे, आत लहान, गोगलगाईच्या पाठीसारखे.

“बघ!” दादाचा चेहरा उजळला होता. “मशीनच्या पोटात हे असतं, कोणाला माहीत असतं का?”

बेबीच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिनं कपाळावर हात मारला, तेलासकट.

“दादा, ती ओळ होती.”

“ओळीत काही मजा नव्हती गं.”

“ती मजेसाठी नव्हती! यातले अर्धे स्क्रू दिसायला सख्खे भाऊ आहेत. केसभर जास्त लांब स्क्रू भलत्या जागी गेला, की आतला दांडा अडकतो. मी आता काय करू? नाटकातल्या पोरांना चादरी गुंडाळू?”

दादा स्टुलावरून हळूच उतरला. “सकाळपासून चौसष्ट फोटो काढलेत,” तो म्हणाला. “त्यात ओळ आली असेल.”

क्षणभर तिला बरं वाटलं. दोघं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर डोकं घालून बसले. पहिल्या फोटोत तिची करंगळी. दुसऱ्यात पेचकसाचं टोक. पुढच्या विसांत कधी तेलाचा थेंब, कधी तिच्या चष्म्याची काडी. आणि मागं चादर, कपडे ताठ करायच्या खळीसारखी पांढरट, पसरलेली.

“मागचं धूसर का आहे?”

“धूसरच ठेवायचं असतं. सर सांगतात.”

“सरांना बोलाव. त्यांना सांग, येऊन जोडा.”

तिनं त्याला जायला सांगितलं नाही, कारण पसारा घालून घरी जायची त्याची लहानपणापासूनची खोड होती आणि आज तिला ती मोडायचीच होती. तिनं दिवा त्याच्या हातात दिला. “धर. हलवू नकोस.”

मोठे स्क्रू तिनं आठवणीनं बसवले. मग घोडं अडलं. एकसारख्या नऊ स्क्रूंपुढं ती भिंग घेऊन बसली आणि पुटपुटत राहिली. दादा दिवा धरून स्क्रूंवर वाकला.

“बेबी, रागावू नकोस. हा एका बाजूनंच चमकतोय.”

“मग?”

“काहीतरी याला घासत असणार. बाकीचे असे नाहीत.”

तिनं स्क्रू उजेडात फिरवला. खरंच, डोक्याची एक कड गुळगुळीत झाली होती. मशीनमध्ये एकच दांडा इतका जवळून फिरतो. तिनं तो तिथं लावला, चाक हातानं फिरवलं. सुरळीत.

“आणखी काय दिसतंय?” तिनं विचारलं, पण आवाज मऊ होऊ दिला नाही.

एकाच्या खाचेत निळ्या दोऱ्याचा तंतू होता, म्हणजे तो सुईजवळचा. दोन स्क्रूंवर रंगाची कड होती, ते झाकणाचे. एकावर गंज होता, तो तळाचा, जिथं तेल पोचत नाही. दादा बोटानं दाखवत गेला, बेबी लावत गेली. चार वाजता झाकण बसलं.

आणि चादरीवर एक स्क्रू उरला.

बेबीनं डोळे मिटले. या मशीनला आधी तिघांनी हात लावला होता, कुणी काय कुठं ठोकलं असेल याचा नेम नव्हता. तिनं झाकण परत काढलं. अर्धा तास ती रिकामं भोक शोधत राहिली. मान आखडली. भोक काही सापडेना.

दादानं दिवा ठेवायला आपलं कॅमेऱ्याचं तिपाई स्टँड जवळ ओढलं. स्टँडचा एक पाय खाली बसला.

दोघांनी त्या पायाकडं पाहिलं.

“मधोमध काहीतरी हवं होतं,” दादा अगदी हळू म्हणाला. “बारीक स्क्रू संपले होते. म्हणून मग हा माझा…”

बेबीला ओरडायचं होतं. पण तोंडातून हसूच फुटलं, तेही रागानं. तिनं तोच स्क्रू त्याच्या स्टँडला स्वतः आवळला, गरजेपेक्षा दोन फेरे जास्त.

पाचला टेलरबाई आली. तिनं चिंधी घातली, पायंडल मारलं, आणि टाके सरळ धावले. तिनं शिवणीवरून नख फिरवलं, उलट्या बाजूनंही फिरवलं. “हं,” ती म्हणाली. तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे हार घालण्यासारखंच होतं.

मग दादानं तिला गोगलगाईचा फोटो दाखवला. टेलरबाई पडद्यावर वाकली ती उठेचना.

“हे माझ्या मशीनमधलं? वीस वर्षं मी याच्यावर बसतेय आणि मला पत्ताच नाही. मला एक द्याल? दुकानात लावते.”

“देतो की!” दादा फुलला.

“सगळे सारखेच दिसतात, नाही?” टेलरबाई म्हणाली.

“अजिबात नाही,” भावंडं एकदम म्हणाली.

शनिवारी सकाळी दादा नऊला आला, तेव्हा बेबीनं नवीन मशीन उघडायला घेतलं होतं. “इकडं ये,” ती म्हणाली. “यापुढं काही सुटं केलं की आधी तू वरून फोटो काढायचा. सगळी ओळ आली पाहिजे. काही धूसर दिसलं तर कॅमेरा तेलाच्या डब्यात.”

“यात कला कुठंय?”

“मी विचारलं का?”

तो कुरकुरत स्टुलावर चढला आणि बराच वेळ काहीतरी फिरवत बसला. शेवटी फोटो निघाला. बेबीनं कॅमेरा हातात घेऊन तो जवळून पाहिला. शेवटचा वॉशरसुद्धा स्वच्छ दिसत होता.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “आता खिडकीतून बाजूला हो.”